वाफेच्या लाइनवरचे उघडे व्हॉल्व्ह, भिजलेलं रॉकवूल आणि वाया जाणारं इंधन

वाफरेषा (धागालेखक)

कारखान्यात ऊर्जाबचतीचा विषय निघाला की चर्चा बॉयलरपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा बॉयलरपाशीच संपते. बर्नर बदला, इकॉनॉमायझर (चिमणीच्या वायूने बॉयलरचं पाणी तापवणारं उपकरण) बसवा, चिमणीतल्या वायूचं तापमान उतरवा, ऑक्सिजनवर लक्ष ठेवा. यातलं काहीच चुकीचं नाही. पण तयार झालेली वाफ वापराच्या जागी पोचेपर्यंत वाटेत किती उष्णता सांडते, हे विचारणारं सहसा कुणी भेटत नाही. म्हणून हा धागा.

एक ढोबळ हिशेब मांडतो. चार इंची पाइप घ्या, बाहेरचा व्यास सुमारे ११४ मिमी. आत गेजवर ७ बार दाब दाखवणारी संपृक्त (त्या दाबाच्या उत्कलनबिंदूवरची) वाफ, म्हणजे तापमान साधारण १७० °से. भोवतालची हवा ३० °से आणि स्थिर. असा पाइप उघडा, म्हणजे इन्सुलेशनशिवाय, असेल तर दर मीटरमागे ९०० ते ९५० वॅट उष्णता हवेत जाते. यातली निम्म्याहून जास्त प्रारणाने जाते आणि उरलेली हवेच्या अभिसरणाने. वारा असेल तर आकडा आणखी बराच चढतो. याच पाइपवर ५० मिमी रॉकवूल (दगडी तंतूंचं इन्सुलेशन) नीट बसवलं, तर गळती मीटरमागे ६० वॅटच्या आसपास येते.

फरक मीटरमागे सुमारे ८५० वॅट. लाइन वर्षाला ८००० तास चालत असेल तर एका मीटरमागे ६८०० युनिट (किलोवॅट-तास) उष्णता वाचली. बॉयलरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर इंधनातली ८००० युनिट वाचली. नैसर्गिक वायूच्या भाषेत हे जवळपास ८०० घनमीटर आणि कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत दीड टनाहून जास्त. हे सगळं फक्त एका मीटर पाइपचं.

आता मूळ मुद्दा. सरळ पाइप उघडा ठेवणारे कारखाने थोडे आहेत. उघडे राहतात ते व्हॉल्व्ह, फ्लँज (पाइप जोडायच्या बोल्टच्या चकत्या), स्ट्रेनर (गाळण्या), मॅनहोलची झाकणं, पंपांचे केसिंग आणि हेडरची (वाफ वाटणाऱ्या मुख्य पाइपची) टोकं. दोन्ही फ्लँजांसकट चार इंची गेट व्हॉल्व्ह म्हणजे उष्णतेच्या दृष्टीने एक ते दीड मीटर उघडा पाइप. वरचेच आकडे वापरले, तर एक उघडा व्हॉल्व्ह जवळपास वीस मीटर इन्सुलेटेड लाइनएवढी उष्णता एकटाच घालवतो. वीस मीटर लाइनवर चकचकीत पत्रा चढवला, मध्ये एक व्हॉल्व्ह तसाच सोडला, की पूर्ण लाइनची गळती दुप्पट झाली.

हे व्हॉल्व्ह मुळात उघडे नसतात, होत जातात. ग्लँड (स्पिंडलभोवतीचं सील) गळतेय म्हणून इन्सुलेशनची पत्र्याची पेटी काढली, गॅस्केट बदललं, लाइन लगेच चालू करायची होती, लॅगिंगवाला (इन्सुलेशन बसवणारा) त्या दिवशी हजर नव्हता. काढलेली पेटी कोपऱ्यात गेली, पुढे भंगारात गेली. कामाची नोंद "पूर्ण" म्हणून बंद झाली, कारण गळती थांबली होती. माझं ठाम मत आहे की इन्सुलेशन परत बसल्याशिवाय ते काम पूर्ण धरूच नये. वर्क परमिटवर त्यासाठी वेगळा रकाना हवा आणि तो भरल्याशिवाय परमिट बंद होता कामा नये.

आपापल्या प्लँटमधले अनुभव लिहा. कुठे काय टिकलं, काय टिकलं नाही, हे मला जास्त हवं आहे.

तिसरी_पाळी

अगदी मुद्द्याचं लिहिलंत. मी मेंटेनन्समध्ये आहे. वरच्या चक्रात एक गोष्ट जोडतो. लॅगिंगच्या कंत्राटाचं बिल बहुतेक ठिकाणी मीटरवर किंवा चौरस मीटरवर निघतं. सरळ पाइपवर काम भराभर होतं. व्हॉल्व्हवर माप घ्या, पत्रा कापा, स्पिंडलपाशी तोंड बंद करा, यात अर्धा दिवस जातो आणि बिलात ते दोन मीटर धरलं जातं. मग कंत्राटदार व्हॉल्व्ह टाळणारच. निविदा काढतानाच व्हॉल्व्ह, फ्लँज आणि मॅनहोल नगावर मोजा, त्यांना वेगळा दर द्या. आमच्याकडे फरक पडला तो तेव्हापासून.

दुसरं म्हणजे काढता येणारी जॅकेटं. बाहेरून सिलिकॉनचा थर दिलेलं काचेचं कापड, आत नीडल-मॅट (काचेच्या तंतूंची गादी) किंवा रॉकवूल, बांधायला पट्टे किंवा हुक आणि तार. फिटरला ती हत्यारांशिवाय काढता येतात, म्हणून परत बसण्याची शक्यता पत्र्याच्या पेटीपेक्षा पुष्कळ जास्त. पण प्रत्येक जॅकेटवर व्हॉल्व्हचा नंबर कोरलेली धातूची पट्टी शिवून घ्या. मार्करने लिहिलेला नंबर तेल आणि धुळीत पुसला जातो. शटडाउनमध्ये चाळीस जॅकेटं एका ढिगात पडली की कुठलं कुणाचं हे कळत नाही. तीन इंचीचं जॅकेट चार इंचीवर ओढून बसवलं की पोटापाशी फट राहते आणि गरम हवा तिथूनच निघते.

नवखा_अभियंता

धागा छान आहे, वाचतोय. एक प्रश्न. ५० मिमीऐवजी १०० मिमी केलं तर गळती निम्मी होईल ना? आमच्याकडे जाडी वाढवण्याचा प्रस्ताव आला आहे आणि पुरवठादार तसंच म्हणतोय.

वाफरेषा

निम्मी होणार नाही. सपाट भिंतीवरही बाहेरच्या हवेच्या थराचा रोध हिशेबात येतो, त्यामुळे तिथेही अगदी निम्मी होत नाही. पाइपवर तर जाडीबरोबर बाहेरचा पृष्ठभागही वाढत जातो. तोच चार इंची पाइप, तीच १७० °सेची वाफ, रॉकवूलची उष्णतावाहकता ०.०४५ (वॅट प्रति मीटर-केल्विन, पुढेही हेच एकक) धरून आकडे असे येतात: उघडा ९४० वॅट, २५ मिमीला सुमारे ९०, ५० मिमीला ६०, ७५ मिमीला ४५, १०० मिमीला ३८.

पहिल्या २५ मिमीनेच नव्वद टक्के काम केलं. पुढच्या २५ मिमीने तीसेक वॅट वाचवले, त्यापुढच्याने पंधराएक, शेवटच्याने सात-आठ. म्हणून "इष्टतम जाडी" काढतात. जाडी वाढवण्याचा खर्च एका बाजूला आणि वाचणारं इंधन दुसऱ्या बाजूला ठेवायचं, दोन्हींची बेरीज जिथे सर्वांत कमी तिथे थांबायचं. इंधन महागलं की हा बिंदू पुढे सरकतो, म्हणून वीस वर्षांपूर्वीच्या ड्रॉइंगवरची जाडी आज डोळे झाकून वापरू नका. गणिताची पद्धत आयएसओ १२२४१, एएसटीएम सी६८० आणि जर्मन व्हीडीआय २०५५ या मानकांत दिलेली आहे. ३ई प्लस नावाचं मोफत सॉफ्टवेअरही आहे, त्यात मटेरियल, व्यास, तापमान आणि वारा घातला की उत्तर मिळतं.

प्रस्ताव सरळ फेटाळू नका मात्र. तुमची लाइन ४०० °सेच्या अतितप्त (उत्कलनबिंदूच्याही वर तापवलेल्या) वाफेची असेल तर गोष्ट वेगळी. तापमान वाढलं की रॉकवूलची स्वतःची वाहकता वाढते. सरासरी ५० °सेला ती ०.०४ च्या घरात असते, ३०० °सेला त्याच्या दुपटीहून वर जाते. तिथे १०० मिमी किंवा त्याहून जास्त जाडी रास्त ठरते आणि ती दोन थरांत द्यावी लागते. वरच्या थराचे सांधे खालच्या थराच्या सांध्यांवर येता कामा नयेत. गरम झालेला पाइप लांबतो, एकाच थराचा सांधा उघडतो आणि त्या फटीतून पत्रा थेट तापतो.

तरीही १७० °सेच्या लाइनवर जाडी वाढवायला निघाला असाल, तर आधी त्या लाइनवरचे उघडे व्हॉल्व्ह मोजा. माझा अंदाज आहे की प्रस्तावातला निम्मा पैसा तिकडे वळवावासा वाटेल.

पापुद्रा

मी तपासणी विभागात काम करते. इथे सगळे उष्णतेबद्दल बोलताहेत, मला पाण्याबद्दल बोलायचं आहे.

इन्सुलेशन काम करतं ते तंतूंमध्ये अडकलेल्या स्थिर हवेमुळे. हवेची वाहकता सुमारे ०.०२५, पाण्याची ०.६. तंतूंतली हवा जाऊन तिथे पाणी बसलं की ज्या गोष्टीसाठी पैसे मोजले ती गोष्टच उरत नाही. वर ते पाणी गरम पाइपपाशी वाफ होऊन बाहेर येतं, पत्र्याला लागून थंड होतं, परत आत ओघळतं. हे चक्र उष्णता उपसून बाहेर टाकत राहतं.

गेल्या शटडाउनमध्ये उघडलेली एक जागा सांगते. उंचावरची आडवी लाइन, बाहेरून पत्रा नवा वाटावा असा. खालच्या बाजूला एका स्क्रूपाशी तपकिरी ओघळ होता, बोटभर रुंद. तिथे पत्र्याचं एक तोंड उचललं आणि रॉकवूल हातात आलं ते काळपट, जड, चिकट. मुठीत दाबल्यावर पाणी निथळलं. त्याच्या मागे पाइपवर गंजाचे थरावर थर, हातोडीच्या टोकाने उचकटले की पत्र्यासारखे सुटणारे. अल्ट्रासॉनिकने जाडी मोजली, तर त्या पट्ट्यात पाइप मूळच्या निम्म्याहून थोडाच जास्त उरला होता. पाणी आलं होतं तिथून दोन मीटर वरच्या अंगाला. टी-जोडापाशी मॅस्टिक (सांधे बुजवायचं लिंपण) वाळून तडकलं होतं आणि उतारावरून पाणी आतल्या आत खाली उतरलं होतं. ओघळ दिसतो तिथेच पाणी शिरलेलं असतं असं नाही, हे नव्या लोकांनी पक्कं लक्षात ठेवा.

इन्सुलेशनखालच्या गंजावर एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) ५८३ हा स्वतंत्र दस्तऐवज आहे. कार्बन स्टीलला धोक्याचा पट्टा साधारण उणे १२ ते १७५ °से. ऑस्टेनिटिक स्टेनलेसला साधारण ६० ते १७५ °से, आणि तिथे गंज नुसता पाइप पातळ करत नाही. क्लोराइड साचले की ताणाखाली तडे जातात आणि आधी काही दिसतही नाही. म्हणून स्टेनलेसवर कुठलंही स्वस्त इन्सुलेशन चालत नाही. त्यात विरघळणारे क्लोराइड किती आहेत हे तपासलेलं हवं, त्यासाठी एएसटीएम सी७९५ बघा. सर्वांत वाईट लाइन कुठली, तर जी सतत गरम-थंड होते ती. कायम गरम लाइन निदान स्वतःला वाळवते.

पत्रा बसवताना तीन गोष्टी स्वतः उभं राहून बघा. आडव्या पाइपवर लांबीतला जोड घड्याळातल्या तीनच्या किंवा नऊच्या जागी हवा आणि वरच्या पत्र्याची कड खाली वळलेली हवी. माथ्यावर जोड नको. उभ्या पाइपवर वरचा पत्रा खालच्या पत्र्याच्या बाहेरून यायला हवा. आणि सपोर्ट, नोझल, गेजची नळी जिथे पत्र्यातून बाहेर येते तिथलं सीलिंग दर वर्षी तपासायला हवं, कारण पाणी शिरतं ते बहुतेक तिथूनच. इन्सुलेशनखाली पाइपला योग्य रंगाचं संरक्षण हवं, हेही खर्चात धरा. पत्रा हा पहिला बचाव आहे, शेवटचा नाही.

साधं_सरळ

ताई, तुम्ही लिहिलंत त्यावरून माझं मत पक्कं झालं की व्हॉल्व्ह आणि फ्लँज उघडेच ठेवलेले बरे. गळती लगेच दिसते, गंज दिसतो, फिटरला हात घालता येतो. थोडी उष्णता गेली तर गेली.

वाफरेषा

याच्याशी मी सहमत नाही. "थोडी" हा शब्द तर अजिबात पटत नाही. वर हिशेब दिला आहे, एक व्हॉल्व्ह म्हणजे दोन लहान रूम हीटरएवढी उष्णता, रात्रंदिवस. शिवाय १७० °सेचा उघडा व्हॉल्व्ह म्हणजे भाजण्याचा धोका. धातूचा पृष्ठभाग माणसाच्या हाताला लागू शकतो तिथे तो ६० °सेच्या खाली ठेवण्याचा दंडक बऱ्याच ठिकाणी पाळतात, तो उगाच नाही.

पण तुमची काळजी खरी आहे. त्यावर उपाय काढत्या जॅकेटचा आहे. जॅकेटच्या तळाला गळतीचं पाणी बाहेर यायला छोटं भोक किंवा नळी ठेवता येते. गळती तिथे थेंबाथेंबाने दिसते आणि जॅकेट काढून बघायला पाच मिनिटं लागतात.

पापुद्रा

मीही उघडं ठेवा असं म्हटलेलं नाही, गैरसमज नको. मात्र काही जागा अशा आहेत जिथे खरोखरच इन्सुलेशन घालू नये, आणि ही यादी लॅगिंगवाल्याच्या हातात नसते, म्हणून सांगते.

थर्मोस्टॅटिक स्टीम ट्रॅपच्या (तापमानावरून उघडून वाफेचं झालेलं पाणी बाहेर सोडणाऱ्या उपकरणाच्या) आधीचा पाइपाचा तुकडा उघडा ठेवतात, तिथे कंडेन्सेट, म्हणजे ते पाणी, थंड व्हायला हवं असतं. तो झाकला की कंडेन्सेट मागे तुंबतं. सेफ्टी व्हॉल्व्हचं बोनेट (स्प्रिंगभोवतीचं कवच) आणि स्प्रिंग झाकू नका. हायड्रोजनसारख्या सेवेतल्या फ्लँजांबद्दल प्रक्रिया-सुरक्षा विभागाला विचारल्याशिवाय काही करू नका. मोटर आणि बेअरिंग तर नाहीच. आणि आतून रिफ्रॅक्टरी (उष्णता सोसणारं अस्तर) लावलेल्या उपकरणाच्या बाहेरच्या कवचावर कधीही इन्सुलेशन चढवू नका. कवच हवेने थंड राहील हे गृहीत धरूनच त्याची रचना केलेली असते. बाहेरून झाकलं की स्टील तापतं आणि मऊ पडतं. "इथे फार गरम लागतं, झाका" असं सांगणारे लोक भेटतात, पण तिथे गरम लागणं हे आतलं अस्तर खराब झाल्याचं लक्षण असतं.

खरेदी_विभाग

तांत्रिक लोकांना एक विनंती. मी प्रस्ताव मंजुरीला पाठवतो. गेल्या वेळी इन्सुलेशनवर खर्च केला, नंतर वरून प्रश्न आला की बॉयलरची कार्यक्षमता किती टक्के वाढली? उत्तर आलं, काहीच नाही. त्यानंतर हा विषय काढणंच अवघड झालं आहे. सिद्ध कसं करायचं?

वाफरेषा

तुमचा प्रश्न या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बॉयलरची कार्यक्षमता वाढणारच नव्हती. कार्यक्षमता म्हणजे इंधनातली किती उष्णता वाफेत गेली. ती वाफ पुढे मशीनपर्यंत पोचली की वाटेत पाणी झाली, हे त्या आकड्याला कळत नाही. उलट लाइनवरची गळती थांबली की बॉयलरवरचा भार कमी होतो आणि फार कमी भारावर काही बॉयलरांची कार्यक्षमता किंचित उतरतेसुद्धा. चुकीच्या जागी आकडा शोधला की चांगलं काम वाया गेल्यासारखं दिसतं. इन्सुलेशन दुर्लक्षित राहण्याचं मोठं कारण मला हेच वाटतं. प्लँट बंद पडत नाही, अलार्म वाजत नाही, कुणाचा फोन येत नाही आणि ज्या रिपोर्टकडे सगळे बघतात त्यात ते दिसतही नाही.

बघायचं ते एकक उत्पादनामागे किती वाफ किंवा इंधन लागलं हे. त्यातही दोन भाग वेगळे करा. रोजचं उत्पादन आडव्या अक्षावर आणि रोजचं इंधन उभ्या अक्षावर मांडा. ठिपक्यांतून जाणारी रेषा शून्य उत्पादनाला जिथे उभा अक्ष छेदते, तो तुमचा स्थिर वापर, म्हणजे काहीही न बनवता जळणारं इंधन. लाइनवरची गळती याच भागात बसते, कारण लाइन गरम आहे तोवर उत्पादन कमी असो की जास्त, गळती तेवढीच. इन्सुलेशनच्या आधीची आणि नंतरची रेषा शेजारी ठेवा. उतार जवळपास तोच राहील, रेषा खाली सरकलेली दिसेल. वरिष्ठांना हा आलेख लगेच समजतो.

आणखी थेट पुरावा हवा असेल तर एखाद्या लाइनला टोकाला वापर बंद ठेवून ट्रॅपमधून येणारं कंडेन्सेट मोजा. वरच्या उदाहरणात उघड्या पाइपच्या प्रत्येक मीटरमागे तासाला दीड किलोहून जास्त वाफ पाणी होते. इन्सुलेशननंतर ते शंभर ग्रॅमच्या आसपास यायला हवं. गरम कंडेन्सेट आहे, ही मोजणी प्रशिक्षित माणसाकडूनच आणि परमिट घेऊनच करवा.

थर्मल कॅमेऱ्याचे फोटो प्रस्तावाला जोडा, पण एका गोष्टीत जपा. चकचकीत ॲल्युमिनियमचं उत्सर्जकत्व (उष्णता प्रारणाने सोडण्याची क्षमता, कमाल १) ०.१ च्या आसपास असतं. कॅमेरा ते ०.९५ धरून चालला तर गरम पत्रा थंड दाखवतो, कारण त्याला पत्र्यातलं समोरच्या भिंतीचं प्रतिबिंब दिसतं. पत्र्यावर काळ्या विजेच्या टेपचा तुकडा चिकटवा आणि त्या तुकड्यावरचं तापमान वाचा. एकाच फोटोत टेप ६५ आणि शेजारचा पत्रा ३५ दाखवताना दिसेल, दोन्ही प्रत्यक्षात एकाच तापमानाला असताना. जास्त गरम जागी टेप वितळते, तिथे उष्णतारोधक काळ्या रंगाचा ठिपका आधीच देऊन ठेवा. उघड्या, गंजलेल्या किंवा रंगवलेल्या व्हॉल्व्हवर हा प्रश्न फारसा येत नाही, तिथे कॅमेरा बराच खरा बोलतो.

युरोपात इआयआयएफ नावाची औद्योगिक इन्सुलेशनला वाहिलेली संस्था आहे. तिच्या टिपचेक कार्यक्रमात प्रशिक्षित तपासनीस प्लँटमध्ये फिरून अशाच उघड्या आणि खराब जागांची यादी करतात आणि प्रत्येक जागेमागे वाचणारी ऊर्जा व परतफेडीचा काळ मांडतात. नुसतं "इन्सुलेशन करा" म्हणण्यापेक्षा जागा, क्षेत्रफळ, तापमान, तास आणि बचत असा तक्ता पुढे ठेवला की मंजुरी लवकर मिळते. तुम्हीही तोच साचा घ्या.

थंड_बाजू

गरम लाइनवर एवढं लिहिलं गेलं, अमोनिया आणि थंड पाण्याच्या लाइनवरही कुणीतरी लिहायला हवं. तिथे बाष्प बाहेरून आत येतं. गरम लाइनचं इन्सुलेशन ओलं झालं तर ते वाळण्याची आशा असते, थंड लाइनचं ओलं झालं की ओलंच राहतं. हवेतलं बाष्प थंड पृष्ठभागाकडे जात राहतं आणि तिथे पाणी होतं, शून्याखाली बर्फ होतं. बर्फाची वाहकता २.२ च्या आसपास, म्हणजे पाण्याच्या साडेतीनपट. फुगत जाणारा बर्फ इन्सुलेशन फोडतो आणि पुढच्या बाष्पाला वाट करून देतो.

म्हणून थंड बाजूला जाडीपेक्षाही बाष्परोधक थराचं अखंडपण महत्त्वाचं. त्यावर स्टेपल मारलेला, स्क्रू घातलेला मी सर्रास बघतो आणि जीव हळहळतो. बंद कोशिकांचं मटेरियल घ्या: पीआयआर (कडक प्लास्टिक फोम), इलॅस्टोमेरिक (रबरी) फोम, किंवा जिथे अजिबात धोका पत्करायचा नाही तिथे फोमग्लास (फुगवलेली काच). लाइनच्या ठराविक अंतरावर बाष्परोधकाचे आडवे बांध घाला, म्हणजे एका जागी पाणी शिरलं तरी ते पुढे पसरत नाही. सपोर्टखाली घट्ट, जास्त घनतेचा ठोकळा हवा. मऊ इन्सुलेशनवर पाइपचं वजन आलं की ते चेपतं, थर फाटतो आणि पहिला बर्फ तिथेच दिसतो.

भट्टीकर

भट्टीबद्दल थोडं. घाण्याघाण्याने (बॅचने) चालणाऱ्या भट्टीत, म्हणजे जी रोज तापते आणि निवते, भिंतीतून बाहेर जाणाऱ्या उष्णतेपेक्षा भिंतीने स्वतः पिऊन घेतलेली उष्णता कित्येकदा जास्त असते. घट्ट फायरब्रिकची घनता घनमीटरला दोन टनांच्या वर, सिरॅमिक फायबरच्या मॉड्यूलची दीडशे-दोनशे किलो. प्रत्येक घाण्याला ती सगळी वीट आधी तापवावी लागते. फायबरचं अस्तर केलं की भट्टी लवकर तापते आणि इंधन उतरतं. सतत चालणाऱ्या भट्टीत हा फायदा फारसा मिळत नाही. तिथे वीट टिकाऊपणात पुढे राहते, विशेषतः ज्वाळा किंवा धूळ थेट आदळते त्या जागी.

आणि दारं, झरोके बंद ठेवा. १००० °सेच्या भट्टीतून उघड्या तोंडातून चौरस मीटरमागे जवळपास १५० किलोवॅट प्रारण बाहेर पडतं. तळहाताएवढा, १० सेंटिमीटर चौकोनी झरोका म्हणजे दीड किलोवॅटपर्यंत. त्यापुढे भिंतीच्या जाडीवर वाद घालण्यात अर्थ नाही.

पापुद्रा

फायबरचा विषय निघालाच आहे तर सुरक्षेचं लिहून ठेवते, हे कुणी वगळू नका.

जुनं लॅगिंग उपटण्याआधी त्यात ॲस्बेस्टॉस आहे का हे प्रयोगशाळेत नमुना देऊन तपासा. नुसतं बघून ओळखता येत नाही. जुन्या कॅल्शियम सिलिकेटच्या अर्धगोल तुकड्यांत, दोऱ्यांत, लिंपणात ते हमखास वापरलेलं असायचं. असल्यास कोरडं तोडायचं नाही, नियमांनुसार परवानाधारक लोकांकडूनच काढून घ्यायचं.

सिरॅमिक फायबरला आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने) माणसासाठी संभाव्य कर्करोगकारक, गट २बी मध्ये ठेवलं आहे. वर्षानुवर्षं खूप तापलेलं अस्तर काढताना जास्त जपायला हवं, कारण त्यात क्रिस्टोबलाइट (फुप्फुसांना घातक स्फटिकी सिलिका) तयार झालेलं असू शकतं. योग्य मास्क, बंद कपडे आणि धूळ ओढणारी व्यवस्था हवी. तापमान परवानगी देत असेल तिथे शरीरात विरघळणारं एईएस (अल्कलाइन अर्थ सिलिकेट) फायबर वापरा. साधं रॉकवूल आणि ग्लासवूल आयएआरसीच्या गट ३ मध्ये आहे, पण त्वचेला आणि डोळ्यांना त्रास होतोच. लॅगिंगचं काम करणारी मुलं उघड्या हातांनी काम करताना दिसली की काम थांबवा.

तिसरी_पाळी

यात एक जोड. रॉकवूलची नवी लाइन पहिल्यांदा तापवली की करपल्यासारखा वास आणि धूर येतो. आतला बाइंडर (तंतू जोडणारा चिकट पदार्थ) साधारण २०० °सेच्या पुढे जळायला लागतो, त्याचा तो वास. दर वेळी कुणीतरी घाबरून लाइन बंद करतं. कंट्रोल रूमला आधी कल्पना द्या आणि बंदिस्त जागेत वायुवीजन ठेवा.

नवखा_अभियंता

सगळ्यांचे मनापासून आभार, जाडीचा प्रस्ताव थांबवून आधी उघड्या जागांची यादी करायला घेतली आहे. अजून एक विचारायचं राहिलं. पुस्तकात "क्रांतिक त्रिज्या" वाचली, इन्सुलेशन घातल्यावर गळती वाढू शकते असं. गेजच्या बारीक नळ्यांना मग काही घालू नये का?

वाफरेषा

ती त्रिज्या म्हणजे इन्सुलेशनची वाहकता भागिले पृष्ठभागाचा उष्णतासंक्रमण गुणांक. वाहकता ०.०४ आणि गुणांक ८ (वॅट प्रति चौरस मीटर-केल्विन) धरला तर ०.००५ मीटर, म्हणजे ५ मिमी. नळीची त्रिज्या त्याहून कमी असेल तरच सुरुवातीच्या पातळ थराने गळती वाढू शकते. विजेच्या तारांना हे लागू पडतं. अर्ध्या इंची पाइपचाही बाहेरचा व्यास २१ मिमीच्या वर असतो, त्रिज्या दहाच्या वर, त्यामुळे प्रक्रियेच्या पाइपिंगमध्ये याची चिंता नको. अगदी बारीक इम्पल्स नळ्यांना (गेजपर्यंत दाब नेणाऱ्या) इन्सुलेशन द्यायचं की नाही हे आतल्या द्रवावर आणि ट्रेसिंगवर (नळी गरम ठेवायला सोबत दिलेल्या तारेवर किंवा वाफनळीवर) ठरतं, ते इन्स्ट्रुमेंटवाल्यांना विचारा.

यादी करताना प्रत्येक जागेपुढे तापमान, मापाचा व्यास, वर्षाला चालू असणारे तास आणि "कशासाठी उघडलं होतं" हा रकाना ठेवा. शेवटचा रकाना मेंटेनन्सच्या जुन्या नोंदींवरून भरता येतो. क्रम लावताना गरम आणि कायम चालू असणारे मोठे व्हॉल्व्ह वर घ्या, बॉयलर हाउसमधला मुख्य हेडर बहुतेक त्यातच येईल. स्टेनलेसच्या लाइनी आणि बाहेर पावसात असलेल्या जागा पापुद्रा ताईंनी लिहिलंय तसं तपासणीवाल्यांना आधी दाखवून घ्या. तक्ता तयार झाला की इथे टाका, आकडे मिळून तपासू.